विश्लेषण : जपानचे युद्धकालीन पंतप्रधान तोजो यांना फाशी कोणत्या गुन्ह्यासाठी? टोकियो खटल्यावर आजही वाद का?

दुसऱ्या महायुद्धानंतरचा न्यूरेम्बर्ग खटला म्हटला की नाझी नेत्यांचे चेहरे डोळ्यांसमोर येतात. त्याच धर्तीवर टोकियोतही एक खटला चालला. तो न्यूरेम्बर्गपेक्षा दुपटीहून अधिक काळ सुरू राहिला, त्यात जपानच्या माजी पंतप्रधानांना फाशी झाली आणि ११ न्यायाधीशांपैकी एका भारतीयाने सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवले. आरोपीच्या पिंजऱ्यात सर्वात ओळखीचा चेहरा होता जनरल हिदेकी तोजो यांचा. मात्र ज्यांच्या नावाने हे युद्ध लढले गेले, ते सम्राट हिरोहितो न्यायालयात कधीच आले नाहीत. असे का झाले, हा या खटल्यातला सर्वात अवघड प्रश्न.

अस्थींचे गूढ ७२ वर्षांनी कसे उलगडले?

तोजो यांना २३ डिसेंबर १९४८ रोजी फाशी देण्यात आली. त्यांचे पार्थिव कुटुंबाच्या ताब्यात दिले गेले नाही. पुढे अस्थींचे काय झाले, याची अधिकृत माहिती कित्येक दशके मिळत नव्हती. जून २०२१ मध्ये जपानमधील निहोन विद्यापीठाने अमेरिकी लष्कराची गोपनीयतेतून मुक्त झालेली कागदपत्रे प्रसिद्ध केली. फाशी झालेल्या सातही जणांवर योकोहामात अंत्यसंस्कार झाले आणि त्यांची रक्षा एका अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याने छोट्या विमानातून पॅसिफिक महासागरावर विखुरली, असे त्यात नमूद होते. ही जागा योकोहामाच्या पूर्वेला सुमारे ४८ किलोमीटरवर.

एवढी खबरदारी घेण्याचे कारण समजण्यासारखे आहे. समाधी राहिली असती, तर तिचे तीर्थस्थान व्हायला वेळ लागला नसता. तीर्थस्थान पुढे वेगळ्या मार्गाने झालेच, पण ते नंतर.

तोजो सत्तेच्या शिखरावर कसे पोहोचले?

१८८४ मध्ये जन्मलेले तोजो लष्करी अधिकाऱ्याचे पुत्र. स्वतःही लष्करातच वाढले. कामात काटेकोर, निर्णयाला झटपट आणि स्वभावाने कडक, म्हणून सहकाऱ्यांनी त्यांना ‘वस्तरा’ हे टोपणनाव दिले होते. १९३७ मध्ये ते मांचुरियातील क्वांटुंग सेनेचे चीफ ऑफ स्टाफ झाले. जुलै १९४० मध्ये लष्करमंत्री आणि १८ ऑक्टोबर १९४१ रोजी पंतप्रधान. त्यानंतर सातच आठवड्यांत जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला.

तोजो यांची तुलना अनेकदा हिटलरशी केली जाते. ती फारशी बरोबर नाही. तोजो कोणत्याही पक्षाचे सर्वेसर्वा नव्हते, त्यांची सत्ता पदांच्या बेरजेतून आली होती. पंतप्रधान असतानाच ते लष्करमंत्री होते, काही काळ गृहमंत्री होते, पुढे युद्धसामग्री खातेही त्यांच्याकडे आले आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये तर ते लष्कराचे चीफ ऑफ जनरल स्टाफही झाले. तरीही नौदल त्यांच्या ऐकण्यात नव्हते. जुलै १९४४ मध्ये सायपान बेट पडले आणि तोजो यांना राजीनामा द्यावा लागला. असा राजीनामा हिटलरकडे कोणी मागू शकले नसते.

अटकेच्या वेळी काय घडले?

११ सप्टेंबर १९४५ रोजी अमेरिकी सैनिक तोजो यांच्या टोकियोतील घराबाहेर पोहोचले. आत तोजो यांनी स्वतःच्या छातीत गोळी झाडून घेतली. नेम हृदयाला चुकला. अमेरिकी डॉक्टरांनी त्यांच्यावर उपचार केले, अमेरिकी सैनिकांचे रक्त त्यांना चढवले गेले आणि ते वाचले.

जपानी जनतेला ही घटना फार लागली, ती वेगळ्याच कारणाने. तोजो लष्करमंत्री असताना जानेवारी १९४१ मध्ये सैनिकांसाठी एक आचारसंहिता त्यांच्या नावाने काढण्यात आली होती. जिवंतपणी कैदी होण्याची नामुष्की पत्करू नये, असा तिचा आशय. पॅसिफिकमधल्या बेटांवर हजारो जपानी सैनिक शरण येण्याऐवजी मेले, त्यात या शिकवणीचा मोठा वाटा होता. आणि ती देणारा माणूस शत्रूच्या इस्पितळात शुद्धीवर आला. युद्धात मुलगा गमावलेल्या घरांना हे पचवणे सोपे नव्हते.

सुगामो तुरुंगात अमेरिकी दंतवैद्यांनी तोजो यांच्यासाठी कवळी बनवली. त्यातल्या एकाने खोडी काढून कवळीवर मोर्स संकेतलिपीत ‘पर्ल हार्बर लक्षात ठेवा’ असे कोरले. काही महिन्यांनी बोभाटा होण्याच्या भीतीने त्यालाच ते घासून काढावे लागले.

खटला कोणी आणि कसा उभा केला?

पॉट्सडॅम जाहीरनाम्यात (२६ जुलै १९४५) युद्धगुन्हेगारांना कठोर शासन होईल, असे मित्रराष्ट्रांनी बजावले होते. शरणागतीनंतर जपानचा कारभार अमेरिकी जनरल डग्लस मॅकआर्थर यांच्या हाती आला. त्यांनी १९ जानेवारी १९४६ रोजी ‘अतिपूर्वेसाठी आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरण’ स्थापन केले. सुरुवातीला नऊ देशांचे न्यायाधीश ठरले होते. नंतर भारत आणि फिलिपिन्सची भर पडली आणि संख्या ११ झाली. ऑस्ट्रेलियाचे विल्यम वेब अध्यक्ष होते, अमेरिकेचे जोसेफ कीनन मुख्य अभियोक्ता.

जागाही निवडून घेतलेली होती. टोकियोच्या इचिगाया भागातील ज्या इमारतीत युद्धकाळात जपानी लष्कराचे मुख्यालय होते, तिथेच न्यायालय भरले. ३ मे १९४६ रोजी कामकाज सुरू झाले आणि पहिल्याच दिवशी गोंधळ उडाला. आरोपींमधील विचारवंत शुमेई ओकावा यांनी पुढे बसलेल्या तोजो यांच्या टकलावर चापट मारली. ओकावा यांना मानसिकदृष्ट्या खटल्यास अपात्र ठरवून वगळण्यात आले. मूळ २८ आरोपींपैकी आणखी दोघांचा खटल्यादरम्यान मृत्यू झाला. निकाल २५ जणांचा लागला.

इथे एक गैरसमज दूर केलेला बरा. या २८ जणांना ‘अ वर्ग’ युद्धगुन्हेगार म्हटले जाते. नगरपालिकांच्या वर्गवारीसारखी ही प्रतवारी नव्हे. ‘अ’ म्हणजे शांततेविरुद्धचे गुन्हे, अर्थात आक्रमक युद्धाचा कट रचणे आणि ते छेडणे. ‘ब’ म्हणजे युद्धाच्या प्रस्थापित नियमांचा भंग आणि ‘क’ म्हणजे मानवतेविरुद्धचे गुन्हे. ब आणि क वर्गाचे खटले आशियात ठिकठिकाणी चालले आणि त्यात सुमारे ५,७०० जणांवर आरोप ठेवले गेले.

तोजो यांच्यावर नेमके कोणते गुन्हे सिद्ध झाले?

आरोपपत्रात ५५ कलमे होती. तोजो सात कलमांत दोषी ठरले. त्यातले एक आक्रमक युद्धाच्या कटाचे. पाच कलमे चीन, अमेरिका, ब्रिटिश राष्ट्रकुल, नेदरलँड्स आणि फ्रान्स यांच्याविरुद्ध आक्रमक युद्ध छेडल्याची. सातवे कलम युद्धकैदी आणि नागरिकांवरील अत्याचारांना आदेश वा मुभा दिल्याचे.

पहिली सहा कलमे कायद्याच्या दृष्टीने वादग्रस्त होती. देशाने युद्ध पुकारले म्हणून व्यक्तीला फाशी देता येते, असे १९४१ मध्ये कोणत्याही कायद्यात स्पष्ट लिहिलेले नव्हते. १९२८ च्या केलॉग-ब्रियां कराराने युद्धाचा त्याग जाहीर केला होता आणि जपानची त्यावर सही होती. पण करार मोडणाऱ्याला शिक्षा काय, याबद्दल त्यात अक्षर नव्हते.

सातव्या कलमाचे तसे नाही. न्यायाधिकरणासमोर आलेल्या आकडेवारीनुसार जपानच्या ताब्यातील १,३२,१३४ अमेरिकी व ब्रिटिश राष्ट्रकुल कैद्यांपैकी ३५,७५६ मरण पावले, म्हणजे २७ टक्के. जर्मनी व इटलीच्या ताब्यातील कैद्यांमध्ये हेच प्रमाण ४ टक्के होते. थायलंड ते ब्रह्मदेश हा ४१५ किलोमीटरचा रेल्वेमार्ग जंगलातून काढताना १२ हजारांहून अधिक युद्धकैदी मेले. आशियाई मजुरांचे बळी त्याच्या कितीतरी पट होते. मलायातील रबराच्या मळ्यांतून नेलेले तमिळ मजूर त्यांत मोठ्या संख्येने होते. त्यांची नीट मोजदादही कोणी ठेवली नाही.

तोजो यांना हे माहीत नव्हते का? निकालपत्राचे उत्तर स्पष्ट आहे. या रेल्वेवरील कैद्यांची अवस्था त्यांना कळली होती. कारवाई झाली ती एका कंपनी कमांडरवर. फिलिपिन्समधील बटानच्या मृत्युयात्रेची माहिती त्यांना १९४२ मध्येच मिळाली होती, पण अहवाल मागवला नाही. १९४३ मध्ये ते स्वतः फिलिपिन्सला गेले, वरवर चौकशी केली आणि परतले. काम न करणाऱ्या कैद्याला खायला मिळू नये, हा तर त्यांचाच आग्रह होता. आक्रमणाच्या कलमांवर वाद घालता येतो. हा भाग मात्र कोणत्याही कायद्याच्या चष्म्यातून पाहिला तरी गुन्हाच राहतो.

बचाव काय होता, आणि सम्राटांचा विषय कसा निघाला?

तोजो यांचे वकील इचिरो कियोसे यांनी सुरुवातीलाच न्यायाधिकरणाच्या अधिकारक्षेत्राला आव्हान दिले. बचावपक्षातील अमेरिकी वकील बेन ब्रूस ब्लेकनी तर एक पाऊल पुढे गेले. पर्ल हार्बरमधील मृत्यू ही हत्या असेल, तर हिरोशिमावर बॉम्ब टाकणाऱ्यांचे काय, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. अमेरिकी गणवेशातल्या वकिलाने हे अमेरिकी अभियोक्त्यांसमोर बोलावे, ही त्या न्यायालयाची एक जमेची बाजू म्हणावी लागेल.

तोजो यांची साक्ष २६ डिसेंबर १९४७ रोजी सुरू झाली. त्यांची भूमिका अशी : अमेरिका, ब्रिटन, चीन आणि नेदरलँड्सने जपानला घेरले, तेलाचा पुरवठा तोडला, त्यामुळे युद्ध स्वसंरक्षणार्थ होते. पराभवाची जबाबदारी आपली, मात्र कायद्याच्या अर्थाने आपण गुन्हेगार नाही. आत्महत्येच्या फसलेल्या प्रयत्नानंतर कुचेष्टेचा विषय झालेल्या तोजो यांची प्रतिमा या साक्षीने जपानमध्ये थोडी सावरली.

मग ३१ डिसेंबर उजाडला. सम्राटांचे निकटचे सल्लागार कोइची किदो हेही आरोपी होते. त्यांच्या वकिलाने तोजो यांना विचारले, किदो यांनी कधी सम्राटांच्या इच्छेविरुद्ध काही केले होते का? प्रश्न साधा, किदो यांना वाचवण्यासाठी विचारलेला. तोजो उत्तरले की सम्राटांच्या इच्छेविरुद्ध वागणारा जपानी माणूस असूच शकत नाही, उच्चपदस्थ अधिकारी तर नाहीच.

न्यायालयातल्या जाणत्यांचे कान टवकारले. कोणीच सम्राटांच्या इच्छेविरुद्ध वागत नसेल, तर युद्धही सम्राटांच्या इच्छेनेच झाले असणार! या उत्तराचा अर्थ काय होतो, हे अध्यक्ष वेब यांनी तिथेच बोलून दाखवले.

खरी अडचण बचावपक्षाची नव्हती, अभियोक्त्यांची होती. हिरोहितो यांच्यावर खटला भरायचा नाही, हे मॅकआर्थर यांनी आधीच ठरवले होते. सम्राटांना हात लावला तर जपानमध्ये असंतोष उसळेल आणि आणखी लाखो सैनिक लागतील, असे त्यांनी वॉशिंग्टनला कळवले होते. सम्राट गादीवर असतील तर जपानचा कारभार आणि नवी राज्यघटना दोन्ही सुरळीत पार पडतील, हा हिशेब. तोजो यांच्या एका वाक्याने तो बिघडत होता. नववर्षाच्या सुट्टीत पडद्याआड निरोपानिरोपी झाली आणि ६ जानेवारी १९४८ रोजी कीनन यांनी तोच विषय पुन्हा काढला. तोजो यांनी खुलासा केला : आधीचे उत्तर सम्राटांविषयीच्या प्रजेच्या भावनेबद्दल होते. युद्धाला सम्राटांनी आपल्या व लष्करी प्रमुखांच्या सल्ल्यावरून नाइलाजाने संमती दिली, शांततेची त्यांची आस शेवटपर्यंत कायम होती.

अभियोक्ता आणि आरोपी यांना एकच उत्तर हवे आहे, असा क्षण फौजदारी खटल्यात क्वचित येतो. वेब यांना ते शेवटपर्यंत पटले नाही. त्यांनी निकालासोबत जोडलेल्या स्वतंत्र मतात सम्राटांच्या जबाबदारीकडे बोट दाखवले. १ डिसेंबर १९४१ च्या ज्या शाही बैठकीत युद्धाचा निर्णय पक्का झाला, तिथे सम्राट उपस्थित होते, ही बाब कोणी नाकारलेली नाही.

निकाल काय लागला?

४१९ साक्षीदार, ७७९ प्रतिज्ञापत्रे आणि ४८ हजारांहून अधिक पानांचे कामकाज यांनंतर नोव्हेंबर १९४८ मध्ये निकालाचे वाचन सुरू झाले. तेच ४ ते १२ तारखेपर्यंत चालले. सात जणांना फाशी, १६ जणांना जन्मठेप, दोघांना मुदतीची कैद. फाशीची शिक्षा झालेल्यांत सहा जनरल होते. सातवे कोकी हिरोता हे माजी पंतप्रधान, एकमेव मुलकी नेते. आरोपींपैकी काहींनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. हे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण असल्याने आपला अधिकार चालत नाही, असे त्या न्यायालयाने २० डिसेंबरला सांगितले. तीन दिवसांनी, मध्यरात्र उलटताच, सुगामो तुरुंगात शिक्षा अमलात आली. २३ डिसेंबर हा युवराज अकिहितो यांचा वाढदिवस. आरोपपत्र दाखल झाले होते २९ एप्रिलला, सम्राट हिरोहितो यांच्या वाढदिवशी.

न्या. राधाबिनोद पाल यांनी सगळ्यांना निर्दोष का ठरवले?

कोलकात्याचे राधाबिनोद पाल यांची नेमणूक झाली तेव्हा भारत ब्रिटिश अमलाखाली होता आणि निकाल दिला तेव्हा स्वतंत्र. त्यांचे १,२०० हून अधिक पानांचे भिन्नमत न्यायालयात वाचलेही गेले नाही. जपानमध्ये ते अमेरिकी अंमल संपल्यावर, १९५२ मध्ये, पुस्तकरूपाने आले.

पाल यांचा मुद्दा कायद्याचा होता. कृत्य घडले तेव्हा जो गुन्हा नव्हता, त्यासाठी नंतर कायदा करून शिक्षा देता येत नाही. जेत्यांनी जितांचा न्याय करायचा आणि आपल्या कृत्यांची चर्चाच होऊ द्यायची नाही, याला न्याय म्हणता येणार नाही. वसाहतींवर राज्य करणाऱ्या देशांनी आक्रमणाबद्दल दुसऱ्याला दोषी धरावे, यातला विरोधाभासही त्यांनी मांडला आणि अणुबॉम्बचा उल्लेखही टाळला नाही.

जपानमधील उजव्या विचारांच्या गटांना पाल देवासारखे वाटतात. यासुकुनी देवस्थानाच्या आवारात २००५ मध्ये त्यांचे स्मारकही उभे राहिले. पण पाल यांनी जपानला प्रमाणपत्र दिले, हा समज अर्धवट वाचनातून आला आहे. नानजिंग आणि इतरत्र जपानी सैन्याने अत्याचार केले, याचे पुरावे भक्कम असल्याचे त्यांनी लिहिले आहे. पिंजऱ्यातल्या या नेत्यांनी ते घडवून आणल्याचे सिद्ध होत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. नेदरलँड्सचे बर्ट रोलिंग आणि फ्रान्सचे आंरी बर्नार यांचीही भिन्नमते होती, पण सरसकट निर्दोष कोणी म्हटले नाही. पंतप्रधान नेहरूंच्या सरकारने पाल यांचे मत हे त्यांचे स्वतःचे, असे म्हणत अंतर राखले.

तोजो आणि भारत यांचा संबंध किती?

भारतात तोजो यांचे नाव येते ते सुभाषचंद्र बोस यांच्या संदर्भात. जून १९४३ मध्ये दोघांची टोकियोत भेट झाली. पुढच्याच महिन्यात तोजो यांनी सिंगापुरात आझाद हिंद सेनेच्या संचलनाची पाहणी केली आणि नोव्हेंबरमध्ये अंदमान-निकोबार आझाद हिंद सरकारकडे सोपवण्याची घोषणा केली. प्रत्यक्षात बेटांवर हुकूम जपानी नौदलाचाच चालत राहिला. ३० जानेवारी १९४४ रोजी हेरगिरीच्या संशयावरून ४४ भारतीयांना तिथे गोळ्या घालण्यात आल्या.

इम्फाळवरील चढाईला मंजुरी मिळाली तीही तोजो यांच्याच काळात. त्या लढाईत मराठी माणसे दोन्हीकडे होती. सावंतवाडी परिसरातले जगन्नाथराव भोसले आझाद हिंद सेनेच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक होते, तर मार्च १९४४ मध्ये सांगशाक येथे जपानी फौजेला थोपवून धरणाऱ्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती. इम्फाळमधील पराभव आणि सायपान, दोन्ही एकाच महिन्यात तोजो यांच्या अंगावर आले.

कोण सुटले?

फाशीच्या दुसऱ्याच दिवशी, २४ डिसेंबर १९४८ रोजी, खटल्याविना तुरुंगात असलेले उर्वरित अ वर्ग संशयित सोडून देण्यात आले. त्यांत नोबुसुके किशी होते. तोजो यांच्या मंत्रिमंडळातले वाणिज्यमंत्री. १९५७ मध्ये तेच जपानचे पंतप्रधान झाले. शिंझो आबे त्यांचे नातू. सात वर्षांची शिक्षा झालेले मामोरू शिगेमित्सू १९५४ मध्ये पुन्हा परराष्ट्रमंत्री झाले, जन्मठेप झालेले ओकिनोरी काया १९६३ मध्ये थेट न्यायमंत्री. शीतयुद्ध सुरू झाले होते आणि अमेरिकेला जपान मित्र म्हणून हवा होता.

कैद्यांवर जैविक प्रयोग करणाऱ्या ‘युनिट ७३१’ चे प्रमुख शिरो इशी यांना अमेरिकेने प्रयोगांच्या माहितीच्या बदल्यात अभय दिले. लष्करी कुंटणखान्यांत कोंडलेल्या कोरियन स्त्रियांचा प्रश्न खटल्यात जवळपास आलाच नाही. ३५ वर्षे जपानी राजवटीखाली राहिलेल्या कोरियाचा एकही न्यायाधीश नव्हता. उलट, २३ कोरियनांनाच ब आणि क वर्गाच्या खटल्यांत फाशी झाली, त्यांत जपानी लष्करात कैद्यांचे पहारेकरी म्हणून भरती झालेलेही होते.

आजही वाद का धुमसतो?

१९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को करारात जपानने या निकालांचा स्वीकार केला. भारताने त्या करारावर सही केली नाही, १९५२ मध्ये स्वतंत्र करार केला. कायद्याच्या पातळीवर विषय तिथे मिटायला हवा होता. पण १७ ऑक्टोबर १९७८ रोजी टोकियोतील यासुकुनी देवस्थानाने तोजो यांच्यासह १४ अ वर्ग गुन्हेगारांची नावे तिथल्या पूजनीय युद्धमृतांत गुपचूप समाविष्ट केली. बातमी बाहेर आली ती पुढच्या वर्षी. तेव्हापासून जपानचा पंतप्रधान तिथे गेला की बीजिंग आणि सोल निषेध नोंदवतात. आबे डिसेंबर २०१३ मध्ये गेले, तेव्हा अमेरिकेनेही नाराजी व्यक्त केली होती.

हिरोहितो यासुकुनीला शेवटचे गेले १९७५ मध्ये. २००६ मध्ये त्यांच्या एका माजी दरबारी अधिकाऱ्याच्या टिपणवह्या उजेडात आल्या. अ वर्ग गुन्हेगारांच्या समावेशामुळे आपण तिथे जाणे थांबवले, असे सम्राटांनी १९८८ मध्ये सांगितल्याची नोंद त्यात आहे. त्यांच्यानंतर गादीवर आलेले अकिहितो सम्राट असताना तिथे गेले नाहीत, आणि २०१९ पासून सम्राट असलेले नारुहितोही गेलेले नाहीत.